‘प्रोग्राम चालत नाही’: एरर कंपाइलचा की चालतानाचा, हे कसं ओळखायचं

मुलुंडपासून विलेपार्ल्यापर्यंत कुठल्याही कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये डोकावलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘सर, प्रोग्राम चालत नाही.’ वाक्य खरं असतं, पण ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. प्रोग्राम सुरूच झाला नाही? सुरू होऊन मध्येच कोसळला? की शेवटपर्यंत नीट चालला आणि भलतंच उत्तर देऊन मोकळा झाला? तिन्ही दुखणी वेगळी आणि तिन्हींवरचा इलाजही वेगळा.

बीएससी आयटी किंवा सीएसच्या पहिल्या वर्षाला व्हायवात हा विषय निघतोच. व्याख्या सगळ्यांना पाठ असते: कंपाइल टाइम एरर कंपाइल करताना येतो, रनटाइम एरर रन करताना. मग एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, स्क्रीनवरच्या लाल ओळींकडे बोट दाखवून विचारतात, ‘मग हा कुठला?’ आणि तिथे गाडी अडते. म्हणून या लेखात व्याख्या कमी, मोडतोड जास्त. एक छोटा प्रोग्राम लिहायचा, तो मुद्दाम बिघडवायचा आणि दर वेळी स्क्रीनवर कोण बोलतंय ते ओळखायचं. मेसेज काय म्हणतोय हे त्यानंतर. कंपायलर, म्हणजे तुमचा कोड वाचून चालवण्याजोग्या रूपात बदलणारा (कंपाइल करणारा) प्रोग्राम, बोलत असेल तर त्याने फक्त तुमचा कोड वाचलाय, प्रोग्रामची एकही ओळ अजून चाललेली नाही; तेव्हा उत्तर कोडमध्येच सापडणार. प्रोग्राम चालताना मेसेज आला असेल तर कोडइतकीच चौकशी इनपुटचीही करावी लागते.

तयारी: दोन कमांड, एक प्रोग्राम

उदाहरणं जावामधली घेतो, कारण कंपाइल करणं आणि चालवणं ही दोन कामं जावात दोन वेगळ्या कमांड करतात आणि फरक डोळ्यांना दिसतो. पायथन आणि सी शिकणाऱ्यांची सोय पुढे आहे.

जेडीके, म्हणजे जावा लिहिण्या-चालवण्याची साधनं, टाकून घ्या. लिहायला नोटपॅड पुरे. एक्लिप्स, इंटेलिजे, फोनवरचे कंपायलर हे सगळं थोडे दिवस बाजूला ठेवा. त्यांचं ‘रन’ बटण एका दाबात कंपाइलही करतं आणि चालवतंही, त्यामुळे मेसेज नेमका कुठल्या टप्प्यातला ते चटकन कळत नाही. लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर सराव करणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

टर्मिनल उघडा. जावाच्या स्पेलिंगला सी जोडला की ‘जावासी’ ही कमांड होते. ती डॉट जावा फाइल वाचते आणि सगळं ठीक असेल तर शेजारी डॉट क्लास फाइल तयार करते. नुसती ‘जावा’ ही कमांड ती क्लास फाइल जेव्हीएमवर, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेवर, चालवते. जावासीने काहीच छापलं नाही तर काम झालं नाही असं समजू नका. तक्रार नसली की ती गप्प असते.

आता प्रोग्राम. नाव ठेवू ‘कॉन्ट्री’, कारण टपरीवर बसणं झालं की कॉन्ट्री, म्हणजे प्रत्येकाचा वाटा, काढणं आलंच. पहिली ओळ फक्त ‘हिशोब सुरू’ असं छापते. ही ओळ मुद्दाम टाकलीय, ती विसरू नका. मग स्कॅनरने (टाइप केलेलं इनपुट वाचणारी जावातली सोय) तीन पूर्णांक वाचायचे: ‘एकूण’ म्हणजे बिल, ‘डोकी’ म्हणजे माणसं आणि ‘कुठे’ म्हणजे पुढच्या वेळी भेटायच्या स्टेशनाचा क्रमांक. त्यानंतर आठ स्टेशनांचा ॲरे, म्हणजे क्रमांकवार यादी: सीएसएमटी, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर. शेवटच्या दोन ओळींपैकी पहिली ‘एकूण भागिले डोकी’ छापते आणि दुसरी ॲरेतलं ‘कुठे’ क्रमांकाचं स्टेशन.

व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवली तरी जावाला चालतात. फाइल युटीएफ-८मध्ये सेव्ह केलेली हवी, आणि विंडोजवर जावा १८च्या आधीची आवृत्ती असेल तर कंपाइल करताना एन्कोडिंग वेगळं सांगावं लागतं. क्लासचं आणि फाइलचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच बरं. कंपाइल करा, चालवा आणि ६००, ४, ७ द्या. १५० आणि दादर आलं पाहिजे.

पहिली मोडतोड: कंपायलरला बोलतं करा

कुठल्याही एका ओळीच्या शेवटचा सेमीकोलन काढा आणि जावासी चालवा. जो मेसेज येईल त्याचा साचा नीट बघा: फाइलचं नाव, कोलन, ओळीचा क्रमांक, कोलन, ‘एरर’ हा शब्द आणि मग तक्रार, की इथे सेमीकोलन अपेक्षित होता. खाली तुमची ती ओळ जशीच्या तशी, तिच्याखाली वर टोक असलेली एक बारीक खूण आणि सगळ्यात शेवटी एररची संख्या. ‘हिशोब सुरू’ कुठेही नाही. प्रोग्राम जन्मालाच आलेला नाही.

सेमीकोलन परत टाका आणि आता एके ठिकाणी ‘डोकी’चं ‘डोके’ करा. ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ असा मेसेज येईल. या नावाचं काही आपल्या ओळखीचं नाही, असं कंपायलर सांगतोय. त्याच्या खाली ‘सिम्बॉल’ आणि ‘लोकेशन’ अशा आणखी दोन ओळी असतात. नवखी मंडळी त्या वाचतच नाहीत, आणि नेमकं कुठलं नाव सापडलं नाही ते तिथेच लिहिलेलं असतं. अक्षर लहान की मोठं यावरूनही जावा नाव वेगळं धरतो, त्यामुळे इंग्रजी नावांमध्ये हा एरर सारखा भेटतो.

तिसरा प्रयोग. ‘डोकी’ हा पूर्णांक आहे; त्यात अवतरणचिन्हांतलं "चार" ठेवा. ‘इनकम्पॅटिबल टाइप्स’, स्ट्रिंगचा इंट करता येत नाही, असं उत्तर येईल. कंपायलरला चार या शब्दाचा अर्थ कळला नाही म्हणून हा एरर आलेला नाही. आकड्याच्या जागी अक्षरं आली, एवढ्यावरच त्याने अडवलं. "४" लिहिलं असतं तरी अडवलंच असतं.

चौथा सगळ्यात उपयोगी: मधलाच एक बंद होणारा महिरपी कंस खाऊन टाका. ‘रीच्ड एंड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग’ म्हणजे वाचता वाचता फाइलच संपली, असा मेसेज येईल आणि तो शेवटच्या ओळीवर बोट ठेवेल. शेवटच्या ओळीत काहीच चुकलेलं नसतं. कंपायलर जिथे अडकला ती जागा तो दाखवतो. चूक तिथेच असेल किंवा तिच्या वर असेल, त्यामुळे दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही की नजर वर न्यायची.

या सगळ्यात दोन गोष्टी नवख्यांना हादरवतात. एक म्हणजे एररची संख्या. एका हरवलेल्या कंसाने बारा एरर येऊ शकतात, आणि जावासी तर १०० एरर दाखवून मगच थांबतो. सगळे वाचू नका. पहिला दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. बाकीचे पुष्कळदा त्याच्याबरोबरच जातात. दुसरी गोष्ट याच्या उलट: एक एरर दुरुस्त केला आणि एकाचे सात झाले! तुम्ही काही बिघडवलेलं नाही. जावासी आधी वाक्यरचना तपासतो, म्हणजे कंस, सेमीकोलन वगैरे. ती चुकलेली असेल तर नावं आणि टाइप तपासण्यापर्यंत तो जातच नाही. रचना सुधारली म्हणून तो पुढच्या टप्प्यावर गेला आणि तिथले सात त्याला दिसले. ही प्रगती आहे.

कंपायलर कधी कधी अति संशयीही असतो. ‘डोकी’ला किंमत फक्त एका इफच्या आत दिली आणि बाहेर वापरली, तर या व्हेरिएबलला कदाचित किंमत मिळालेली नसेल असं म्हणून तो अडवतो. ती अट नेहमी खरीच ठरणार हे तुम्हाला माहीत असतं, त्याला नसतं. वाद घालू नका, सुरुवातीलाच शून्य देऊन टाका.

इथे एक सापळा. कंपाइल फसलं तरी आधीच्या यशस्वी कंपाइलची क्लास फाइल तशीच पडून असते. जावासीचा एरर न वाचता पुढे ‘जावा’ कमांड दिली की तो जुना प्रोग्राम झकास चालतो. मग ‘कोड बदलला तरी आउटपुट तेच येतंय’ म्हणून तासभर डोकेफोड. असं वाटलं की आधी वर जाऊन जावासी खरंच गप्प होता का ते बघा, किंवा क्लास फाइल पुसून पुन्हा कंपाइल करा.

दुसरी मोडतोड: प्रोग्राम चालताना पाडा

सगळं पूर्ववत करा, कंपाइल करा. आता कोडला हात लावायचा नाही. फक्त इनपुट बदलायचं.

६००, ०, ७ द्या. ‘हिशोब सुरू’ छापलं जाईल, तिन्ही आकडे घेतले जातील आणि मग प्रोग्राम कोसळेल. या मेसेजचा साचा वेगळा आहे. सुरुवात ‘एक्सेप्शन इन थ्रेड मेन’ अशी, पुढे जावा डॉट लँग डॉट ॲरिथमेटिक एक्सेप्शन हे लांबलचक नाव, मग कारण: शून्याने भागाकार. त्याखाली ‘ॲट’ने सुरू होणारी ओळ आणि तिच्यात कंसात फाइलचं नाव व ओळीचा क्रमांक. तुमची ओळ छापलेली नाही, खाली बारीक खूणही नाही. जेव्हीएमकडे तुमचा मूळ कोड नसतोच. क्लास फाइलमध्ये ओळींचे क्रमांक नोंदलेले असतात, तेवढेच तो सांगतो.

आता ६००, ४, ८. या वेळी १५० छापलं जाईल आणि त्यानंतर प्रोग्राम पडेल: ‘इंडेक्स ८ आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ८’. स्टेशनं आठ आहेत, पण मोजणी शून्यापासून असल्याने दादरचा क्रमांक ७. आठव्या क्रमांकावर काहीच नाही. दोन्ही आकडे मेसेजमध्येच आहेत, कागद-पेन्सिलचीही गरज नाही.

ते आधी छापलेलं १५० महत्त्वाचं आहे. अर्धवट झालेलं काम ही चालतानाच्या क्रॅशची पक्की खूण. कंपाइल एरर अर्धं काम कधीच करत नाही. इथे फक्त एक आकडा छापला गेला. पण प्रोग्राम फाइलमध्ये नोंदी लिहीत असता, तर निम्म्या लिहिलेल्या आणि निम्म्या राहिलेल्या अशी अवस्था झाली असती.

यातून एक कसोटी मिळते, आणि माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची: कोडमधलं एक अक्षरही न बदलता, फक्त इनपुट बदलून एरर जातो का? जात असेल तर तो चालतानाचा. ६००, ४, ७ दिल्यावर तोच प्रोग्राम निमूट चालतो. कंपाइल एररला तुमच्या इनपुटशी देणंघेणं नसतं.

मग शून्याने भागाकार कंपायलरने आधीच का नाही पकडला? कारण संध्याकाळी टपरीवर कोण किती डोकी टाइप करणार हे त्याला दुपारी कळायचा मार्ग नाही. एवढंच कशाला, कोडमध्ये थेट ‘६०० भागिले ०’ लिहिलंत तरी जावा ते कंपाइल करतो. फार तर ताकीद देतो.

स्टॅक ट्रेस वरून वाचायचा, पण आपली ओळ शोधायची

बिलाच्या जागी ‘६००/-’ असं दुकानी पद्धतीने टाइप करून बघा. ‘इनपुट मिसमॅच एक्सेप्शन’ येईल आणि खाली चार-पाच ‘ॲट’ ओळी. हा सगळा मिळून स्टॅक ट्रेस. वरच्या ओळी जावाच्या स्वतःच्या स्कॅनरमधल्या असतात. त्या बघून पुष्कळांना वाटतं की जावातच काही बिघडलंय. तसं नसतं. वरून खाली येत जा आणि तुमच्या फाइलचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. तिथून तुमचा कोड स्कॅनरकडे गेला होता, तपास तिथून सुरू. त्याखालच्या ओळी म्हणजे कोणी कोणाला बोलावलं याची साखळी.

मोठ्या प्रोग्राममध्ये मध्येच ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारे तुकडे दिसतात. मूळ कारण बहुधा सगळ्यात शेवटच्या ‘कॉज्ड बाय’मध्ये असतं. अँड्रॉइड शिकणाऱ्यांना हे लवकरच भेटेल: ॲप बांधणाऱ्या ग्रेडलने ‘बिल्ड फेल्ड’ म्हटलं तर ॲप तयारच झालेलं नाही, ॲप फोनवर उघडून बंद पडलं तर लॉगकॅटमध्ये, म्हणजे फोनच्या नोंदींमध्ये, ‘फेटल एक्सेप्शन’ शोधा आणि तिथून खाली वाचत जा.

जावातला सगळ्यात प्रसिद्ध क्रॅश म्हणजे नल पॉइंटर एक्सेप्शन. व्हेरिएबल आहे, पण त्यात वस्तूच नाही, आणि आपण त्या नसलेल्या वस्तूला कामाला लावतो. पूर्वी हा मेसेज नुसता ओळीचा क्रमांक सांगून गप्प बसायचा. जावा १५पासून कुठली गोष्ट नल होती हेही तो आपणहून सांगतो. नल रेफरन्सची कल्पना टोनी होर यांनी १९६५मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेत आणली, आणि २००९मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

फसवे मेसेज

फाइल उघडणारी ओळ लिहिलीत की ‘अनरिपोर्टेड एक्सेप्शन’ असं काहीतरी येतं. एक्सेप्शन हा शब्द दिसला म्हणून तो चालतानाचा नव्हे. साचा बघा: फाइलचं नाव, ओळ, ‘एरर’. बोलतोय कंपायलर. फाइल सापडली नाही तर काय करायचं ते आधी लिहा, मगच पुढे, एवढंच तो म्हणतोय. याच्या उलट ‘स्टॅक ओव्हरफ्लो एरर’च्या नावात एरर आहे, पण तो पूर्णपणे चालतानाचा. स्वतःलाच बोलावत राहणाऱ्या मेथडला थांबायची अट दिली नाही की तो येतो.

‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’ हा कशातच बसत नाही. कंपाइल झालंय, पण जेव्हीएमला सुरुवात कुठून करायची ते सापडलं नाही. बहुतेक वेळा ‘जावा’ कमांडला क्लासच्या नावापुढे डॉट क्लास जोडलेलं असतं, नाहीतर टर्मिनल दुसऱ्याच फोल्डरमध्ये उघडलेलं असतं.

घरच्या लॅपटॉपवर नीट चाललेला प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून लॅबमध्ये नेला आणि ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ आला, तर मेसेजमधले दोन आकडे वाचा. ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. घरी नव्या जावाने कंपाइल केलेलं लॅबच्या जुन्या जावाला वाचता येत नाही. कोडमध्ये काहीही शोधू नका. डॉट जावा फाइल न्या आणि तिथेच पुन्हा कंपाइल करा.

जावा ११पासून ‘जावा’ कमांडला थेट डॉट जावा फाइल दिली तरी चालतं. ती मनातल्या मनात कंपाइल करून लगेच चालवते. सोयीचं आहे, पण हा फरक अंगवळणी पडेपर्यंत वापरू नका.

पायथन: कंपायलर आहे, पण बेताचा

पायथनमध्ये कंपाइल नसतंच असं क्लासमध्ये सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. पायथन आधी अख्खी फाइल वाचून बाइटकोड, म्हणजे चालवायला सोपं रूप, बनवतो आणि मग चालवतो. इंपोर्ट केलेल्या फाइलींसाठी शेजारी तयार होणारं पायकॅश फोल्डर त्याचंच. कोलन विसरलात, कंस बंद केला नाहीत, तर सिंटॅक्स एरर येतो आणि पहिल्या ओळीतलं ‘हिशोब सुरू’सुद्धा छापलं जात नाही. ओळखायची खूण: तुम्ही चालवलेल्या फाइलीतच असा एरर असेल तर वर ‘ट्रेसबॅक’ हे शीर्षक नसतं. चालताना पडला की ते असतं. सिंटॅक्स एरर इंपोर्ट केलेल्या दुसऱ्या फाइलीत असेल तर मात्र शीर्षक येतं, कारण इंपोर्ट ही गोष्टच चालताना घडते.

नावं आणि टाइप पायथन आधी तपासत नाही. त्यामुळे ‘डोकी’चं ‘डोके’ ही जावातली कंपाइलची चूक इथे नेम एरर होऊन चालताना येते, आणि तीसुद्धा ती ओळ प्रत्यक्ष चालली तरच. समजा बिल ५,००० रुपयांच्या वर गेलं तरच चालणाऱ्या इफमध्ये ही चूक आहे. चहा-वडापावच्या बिलांवर प्रोग्राम महिनोन्‌महिने सुखाने चालेल. ज्या रात्री मोठ्या हॉटेलात पार्टी होईल त्या रात्री पडेल. म्हणून पायथनमध्ये ‘चालला’ याचा अर्थ फक्त ज्या ओळी चालल्या त्या चालल्या, इतकाच घ्या. प्रत्येक फांदीवरून एकदा तरी जाऊन या.

ट्रेसबॅक जावाच्या उलट वाचायचा. घडलेली गोष्ट सगळ्यात खाली. शेवटची ओळ आधी वाचा, मग वर चढा. जाता जाता एक गंमत: पायथनच्या इंटला ‘६००/-’ कळत नाही, पण देवनागरी आकड्यांत ‘६००’ दिलं तर ते तो बरोबर सहाशे समजतो.

सी: क्रॅश झाला तर नशीब

सीमध्ये मध्ये आणखी एक माणूस उभा असतो, लिंकर. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा मेसेज आला तर वाक्यरचना ठीक आहे, कंपाइलही झालंय, पण तुम्ही बोलावलेलं फंक्शन जोडताना सापडलेलं नाही. जीसीसी हा सीचा कंपायलर वापरून वर्गमूळ काढताना गणिताची लायब्ररी जोडायची राहिली की हा हमखास येतो. प्रोग्राम इथेही चाललेला नसतो, त्यामुळे इनपुटकडे बघू नका.

चालताना पडला तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोनच शब्द. ना ओळ, ना कारण. पहिल्या वर्षाचं नेहमीचं कारण म्हणजे स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचा अँपरसँड (&) विसरणं. नियमाप्रमाणे कंपायलर ते अडवत नाही, पण जीसीसीला ‘डॅश डब्ल्यू ऑल’ हा पर्याय दिलात तर ताकीद नक्की देतो. तो पर्याय कायम लावा आणि ताकीद हा एररच समजा. कुठे पडला हे हवं असेल तर ‘डॅश जी’ देऊन कंपाइल करा आणि जीडीबी या चुका शोधायच्या साधनात चालवा, किंवा ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारी सोय) लावा. लिनक्सवर प्रोग्राम संपल्यावरचा एक्झिट कोडही बोलका असतो: १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, १३६ म्हणजे शून्याने पूर्णांक भागाकारासारखा अंकगणिती घोटाळा.

‘हिशोब सुरू’ची युक्ती सीमध्ये दगा देऊ शकते. प्रिंटएफने दिलेला मजकूर आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठतो. शेवटी नवी ओळ टाकली नसेल आणि प्रोग्राम कोसळला, तर छापण्याची ओळ चाललेली असूनही स्क्रीनवर काहीच दिसत नाही. प्रत्येक प्रिंटएफच्या शेवटी नवी ओळ टाका, किंवा एफफ्लश वापरा.

आणि आठव्या क्रमांकाचं स्टेशन? जावाने ठामपणे थांबवलं होतं. सीमध्ये ॲरेबाहेर वाचलं तर कचरा छापला जाईल, किंवा प्रोग्राम पडेल, किंवा लॅबमध्ये नीट चालून सबमिशनच्या दिवशी पडेल. भाषेने कसलीच हमी दिलेली नाही.

जो एरर येतच नाही

५०० रुपये, ३ डोकी. कॉन्ट्री प्रोग्राम म्हणतो १६६. कंपायलर खूश, क्रॅश नाही, पण १६६ गुणिले ३ म्हणजे ४९८. टपरीवाल्याचे दोन रुपये कुठे गेले? पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की जावा अपूर्णांक टाकून देतो. जुन्या लॅबमध्ये टर्बो सी हा सीचा जुना कंपायलर भेटला तर तिथे इंट १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. त्यात ४०,००० ठेवलेत तर उणे २५,५३६ दिसेल, तेही बिनतक्रार. ही लॉजिकची चूक. तिच्याबद्दल स्क्रीनवर कोणीच बोलत नाही. उत्तर हाताने काढून ताडून बघणं, एवढाच उपाय. मला विचाराल तर तिन्हींत क्रॅश बरा. निदान तो तोंडावर सांगतो.

कंपायलर कडक असला म्हणजे निश्चिंत, असंही नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झालं. त्याचं दिशादर्शक सॉफ्टवेअर एडा या अत्यंत काटेकोर भाषेत लिहिलेलं होतं आणि एरियान ४ वर बिनतक्रार चाललेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. ६४ बिटांतली एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसली नाही आणि चालताना एक्सेप्शन आलं. कोड तोच, इनपुट बदललं.

तरीही जमेल तितक्या चुका चालण्याच्या वेळेकडून कंपाइलकडे ढकलणं हे शहाणपणाचं. पायथनमध्ये टाइप लिहून ठेवा आणि मायपाय नावाच्या साधनाने तपासा. नुसते टाइप लिहिले तर चालताना पायथन त्यांच्याकडे बघतही नाही. कॉटलिन या भाषेत एखादी गोष्ट नल असू शकते हे प्रश्नचिन्हाने सांगावं लागतं, आणि न तपासता ती वापरली तर कोड कंपाइलच होत नाही.

मदत मागताना, आणि प्लेसमेंटच्या टेस्टमध्ये

ग्रुपवर स्क्रीनचा तिरका फोटो टाकू नका. मेसेज अक्षरशः कॉपी करून टाका. कंपाइलचा असेल तर पहिला एरर आणि त्या ओळीच्या वरच्या पाच-सहा ओळी पुरतात. चालतानाचा असेल तर पूर्ण स्टॅक ट्रेस आणि दिलेलं इनपुट. ‘दादा, कंपाइल होतंय. ६००, ४, ८ दिल्यावर १५० छापून पडतो, मेसेज खाली दिलाय’ असं लिहिलंत तर उत्तर पुढचं स्टेशन यायच्या आत मिळेल.

ऑनलाइन टेस्टमध्ये निकाल दोन-तीन शब्दांतच येतो. ‘कंपायलेशन एरर’ आला तर आधी भाषेची निवड बघा. पायथनचा कोड जावा निवडून सबमिट करणारे दर टेस्टला भेटतात. जावाच असेल तर क्लासचं नाव त्यांनी सांगितलेलंच आहे ना, ते तपासा. ‘रनटाइम एरर’ आला आणि टेस्ट केस लपवलेली असेल तर इनपुट तुम्हालाच कल्पनेने शोधावं लागतं. एन बरोबर शून्य देऊन बघा, मग एक. रिकामी स्ट्रिंग द्या. ऋण संख्या द्या. ॲरेत सगळे आकडे सारखेच ठेवा. शेवटी प्रश्नात दिलेली कमाल मर्यादा घ्या आणि तुमचा ॲरे तेवढ्याला पुरतो का, रिकर्शन (मेथडने स्वतःलाच बोलावणं) तेवढं खोल जाऊ शकतं का, ते घरच्या टर्मिनलवर चालवून बघा.